पऱ्हाटी, पाचट, प्रेसमड: इंधन होतं, पण परवडतं का?

शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन करण्याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. निम्म्याहून अधिक पत्रांत विचारणा एकच: मशीन कोणतं घ्यावं? मशीन सगळ्यात शेवटी ठरवा. काडी किती लांबून येते, किती ओली येते आणि तयार माल जाळणारा कोण, ही तीन उत्तरं आधी हवीत. ती नसतील तर चांगलं मशीनही शेडमध्ये गंजतं.

प्रश्न : आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत पऱ्हाटी (कापसाच्या झाडाची वाळलेली काडी) धुऱ्यावर रचतात नाहीतर पेटवून देतात. तिच्यापासून ब्रिकेट (काडी दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, म्हणजे व्हाईट कोल) करायचा विचार आहे. टनामागे काय सुटेल? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

पऱ्हाटी हा ब्रिकेटसाठी उत्तम माल आहे. लाकडासारखी घट्ट, राख कमी, उष्मांक किलोला ३,८०० किलोकॅलरीच्या आसपास. हेक्टरी दोन ते तीन टन निघते. कोरडवाहूत दोनच धरा, म्हणजे एकरी आठ क्विंटल. वर्षाला २,५०० टन ब्रिकेट करायच्या तर ३,००० टन पऱ्हाटी लागते, म्हणजे साधारण ३,७०० एकर. दहा-पंधरा किलोमीटरच्या घेरात एवढा कापूस असतो, पण चुलीला आणि कुंपणाला जाणारी पऱ्हाटी त्यातून वजा करायला विसरू नका.

पहिला खड्डा वाहतुकीचा. ट्रॉलीत अख्खी पऱ्हाटी कितीही दाबली तरी सात-आठ क्विंटलच बसते. खेपेला २,००० रुपये धरले तर टनाला २,५०० रुपये नुसते भाड्याचे झाले. तीच पऱ्हाटी शेतातच श्रेडरने बारीक केली की दोन टनांपर्यंत बसते आणि भाडं टनाला १,००० वर येतं. म्हणून ट्रॅक्टरवर चालणारा श्रेडर आधी घ्या, ब्रिकेट मशीन नंतर.

दुसरा खड्डा ओलाव्याचा, आणि हा डोळ्यांना दिसत नाही. २५ टक्के ओली पऱ्हाटी १,००० किलो घेतली तर तिच्यात कोरडी काडी ७५० किलोच. ती १० टक्क्यांवर आणली की वजन उरतं ८३३ किलो. तुम्ही २,५०० रुपये टनाने घेतली असली तरी प्रत्यक्षात ती ३,००० रुपयांना पडली. वजनकाट्यावर नुसतं वजन नको, ओलावाही मोजा. मीटर नसेल तर काचेच्या बरणीत मूठभर तुकडे आणि दोन चमचे कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, माल पसरून वाळवा. दर ठरवताना तक्रार नको असेल तर १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये ठेवून वजनातली घट काढा.

आता हिशोब. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले घालून पुन्हा मांडा. कारखान्यावर पोच पऱ्हाटी २,६०० रुपये टन, एक टन ब्रिकेटला १.२ टन लागते: ३,१२० रुपये. श्रेडर, हॅमर मिल (काडी भरडणारी चक्की), प्रेस (दाबयंत्र) मिळून ७० युनिट वीज, ९ रुपयांनी: ६३०. मजुरी ३५०. झिजणारे भाग २५०. साठवण आणि नासधूस २००. एकूण ४,५५०. भांडवल ६० लाख असेल आणि व्याज-घसारा वर्षाला १२ लाख धरला, तर २,५०० टन काढल्यावर टनाला ४८० रुपये पडतात; हजारच टन काढले तर १,२००. विक्री कारखान्यावर ६,००० रुपयांनी झाली तर एकीकडे टनाला ९७० सुटतात, दुसरीकडे २५०. मशीन तेच, माणसं तीच. फरक पडतो तो वर्षातले किती दिवस पट्टा फिरला त्याने. विजेचा मागणी आकार (बिलातला स्थिर आकार) तर मशीन बंद असतानाही भरावा लागतो.

म्हणजे तीन महिन्यांत येणारा माल बारा महिने पुरवायला हवा. पावसाळ्यासाठी निदान तीन महिन्यांचा साठा पक्क्या शेडखाली लागतो. गंजी एकमेकींपासून दूर ठेवा आणि ओला माल कोरड्यावर कधीही टाकू नका. आत वाफ धरून तो तापतो आणि पेटतो.

बोंडांसकट पऱ्हाटी उन्हाळाभर रचून ठेवणं म्हणजे गुलाबी बोंडअळीला घर देणं. उपटल्यावर लगेच बारीक करा. शेजाऱ्यांना हे समजावलंत तर माल मिळणंही सोपं जाईल.

मशीनवर काय बिघडतं, ते आधीच माहीत असलेलं बरं. पिस्टन प्रेसमध्ये कुठलाही डिंक लागत नाही. दाबाने आणि घर्षणाच्या उष्णतेने काडीतलं लिग्निन (लाकडाला घट्टपणा देणारा घटक) मऊ होतं आणि तेच चिकटवतं. ओलावा ८ ते १२ टक्के हवा. जास्त असेल तर वाफ कोंडते, फटाक्यासारखा आवाज येतो आणि ब्रिकेटच्या आडव्या चकत्या पडतात. फार कोरडा असेल तर माल बांधला जात नाही, भुगा पडतो आणि डाय (माल दाबला जातो तो साचा) चोंदते. सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं डाय थंड असते, तेव्हाचा ठिसूळ माल परत हॉपरमध्ये टाका. मुळांसकट उपटलेल्या पऱ्हाटीची माती हा रॅम (माल दाबणारा दांडा) आणि वेअर रिंग (डायमधली झिजणारी कडी) यांचा काळ. गोल चाळणीतून माल घेतला नाही तर रिंग लवकर झिजते, भोक सैल होतं, दाब उतरतो आणि ब्रिकेट हातात मोडायला लागते. रॅमवर हार्ड-फेसिंगचा वेल्ड चढवता येतो; एक जोड कायम तयार ठेवा. हॅमर मिलच्या जाळीत कापसाचे पुंजके अडकतात, तापतात, धुमसतात, म्हणून जाळी दर पाळीला साफ हवी. फीड पट्ट्यावर लोहचुंबक बसवा आणि ठिबकच्या नळ्यांचे तुकडे हाताने वेचा.

अनुदानाबद्दल अनेकांनी विचारलंय. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात (२०२१-२२ ते २०२५-२६) ब्रिकेट प्रकल्पाला ताशी टनाच्या क्षमतेमागे ९ लाख, कमाल ४५ लाख अशी तरतूद होती. पण पैसे प्रकल्प चालू होऊन तपासणी झाल्यावर मिळत. वरचा हिशोब अनुदान शून्य धरून जमत असेल तरच पुढे जा.

प्रश्न : सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि उसाचं पाचट (वाळलेली पानं) मिसळून ब्रिकेट केल्या. दिसायला घट्ट होत्या, पण बॉयलरवाल्याने दुसरी गाडी परत पाठवली. म्हणतो, जाळीवर दगड तयार होतात. (जि. लातूर)

ते दगड नव्हेत, खंगर आहे. पाचट, भाताचं काड, कुटार यांच्या राखेत पोटॅश भरपूर असतं. ते मातीतल्या आणि काडीतल्या वाळूशी मिळालं की राख कमी तापमानालाच वितळते आणि जाळीवर काचेसारखी थिजते. हवा यायची वाट बंद होते, बॉयलरचा दाब पडतो, फायरमन सळई घेऊन खणत बसतो. तुमचं मशीन ठीक आहे, माल चुकला.

गाडी भरण्याआधी घरी परीक्षा घ्या. दोन किलो ब्रिकेट शेगडीत भात्याच्या वाऱ्यावर पूर्ण जाळा आणि राख चुरगाळा. पिठासारखी असेल तर हरकत नाही. हाताला टोचणारे चकचकीत खडे लागले तर ती गाडी पाठवू नका. उपाय दोन आहेत. पाचट-कुटाराचा वाटा पाचव्या हिश्श्यावर आणा आणि बाकी तुराट्या, पऱ्हाटी किंवा लाकडाचा भुसा घाला. दुसरं, काड एक-दोन पावसात भिजून पुन्हा वाळलं की पोटॅश बरंच धुऊन जातं. अवकाळीने भिजलेलं काड म्हणून टाकून देऊ नका. आणि गोळा करताना रेक जमिनीवर घासू नका, अर्धं खंगर त्या मातीचं असतं.

गिऱ्हाईक निवडतानाही विचार करा. किलोचा भाव सांगू नका, उष्णतेचा सांगा. ३,८०० किलोकॅलरीची ब्रिकेट पोच ७ रुपये किलो पडली तर हजार किलोकॅलरी १ रुपया ८४ पैशांना पडतात. ४,२०० किलोकॅलरीचा कोळसा साडेसात रुपयांनी घेणाऱ्याला त्या १ रुपया ७९ पैशांना पडतात. तो तुमच्याकडे का येईल? पण ९० रुपये लिटरचं डिझेल जाळणाऱ्याला त्याच हजार किलोकॅलरी दहा रुपयांच्या वर पडतात. डिझेल किंवा व्यापारी गॅस जाळणारी डेअरी, फरसाणवाला, वाळवणीचा कारखाना शोधा. त्यांना भट्टी बदलावी लागेल, तो खर्च किती महिन्यांत वसूल होतो हे तुम्हीच कागदावर मांडून दाखवा.

प्रश्न : गाठी बांधणारा ठेकेदार पाचटाला टनाला ८०० रुपये देतोय. द्यावं का? (ता. वाळवा, जि. सांगली)

खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांवरचा पुढचा ऊस) ठेवणार असाल तर देऊ नका. इंधनाच्या अंकात हे लिहिणं विचित्र वाटेल, पण हिशोब तसाच निघतो. टनभर पाचटात साधारण ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद, ८ किलो पालाश असतं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, पोटॅशची ५० किलोची १,७०० आणि सुपर फॉस्फेटची ५५० धरली, तर एवढ्या अन्नद्रव्यांना साडेसहाशे रुपये पडतात. उरतात दीडशे. त्यात सेंद्रिय कर्ब, वाचलेली पाण्याची पाळी आणि दबलेलं तण तुम्ही विकताय.

सरीत पाचट दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका, पाणी द्या. ऊस मोडून लगेच दुसरं पीक घ्यायचं असेल आणि पाचट आडवं येत असेल, तर मात्र पेटवण्यापेक्षा ठेकेदाराला दिलेलं कधीही चांगलं.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या सभेत प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून) सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस) करण्याचा ठराव येतोय. सभासदाने काय विचारावं? (जि. अहिल्यानगर)

पहिला प्रश्न: प्रकल्प रोज किती टनांचा, आणि वर्षातले किती दिवस? रोज ५,००० टन गाळपाला सुमारे ४ टक्के, म्हणजे २०० टन प्रेसमड निघतो. एक टन सीबीजीला साधारण २५ टन लागतो, म्हणून हंगामात रोज ८ टन सीबीजी हा आकडा बरोबर दिसतो. पण हंगाम १४० दिवसांचा. एकूण प्रेसमड २८,००० टन, त्यातून सीबीजी १,१२० टन, आणि वर्षाच्या ३३० दिवसांवर वाटला तर रोज जेमतेम ३.४ टन. ठरावात ८ टनांचं भांडवल आणि ३३० दिवसांचं उत्पन्न असेल, तर बाकीचा कच्चा माल कुठून येणार ते लेखी मागा.

दुसरा: साठवण कशी? उघड्यावरचा प्रेसमड आतून तापतो, वाफा येतात, कधी पेट घेतो. त्या वाफेबरोबर गॅस देणारा सेंद्रिय भागही जातो. दाबून, हवाबंद झाकून ठेवायची व्यवस्था खर्चात धरली आहे का?

तिसरा: गंधकाचं काय? साखर पांढरी करायला गंधकाचा धूर वापरणाऱ्या कारखान्याच्या प्रेसमडमधून हायड्रोजन सल्फाईड भरपूर निघतो. तो काढला नाही तर कॉम्प्रेसर खातो, आणि माणसाला तर तो मारतोच. सीबीजीच्या आयएस १६०८७ मानकाप्रमाणे मिथेन किमान ९० टक्के हवा. प्रेसमडमधलं मेण वर साय धरतं आणि वाळू तळाला बसते. डायजेस्टर (माल कुजवायची बंद टाकी) उघडून गाळ काढायचे दिवस वेळापत्रकात आहेत का, तेही विचारा.

चौथा: स्लरी (गॅस निघाल्यावर उरलेला रबडा) कुठे जाणार? गॅस विकत घ्यायला तेल कंपन्या आहेत. सीबीजी खरेदीच्या २०१८ च्या केंद्राच्या ‘सतत’ योजनेत किलोला ४६ रुपयांपासून सुरुवात झाली, पुढे दर वाढून सीएनजीच्या भावाशी जोडला गेला. शहरी गॅस कंपन्यांना सीबीजी मिसळण्याचं बंधनही आहे: २०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२८-२९ पर्यंत ५ टक्के. स्लरीला असं कुणी बंधनातलं गिऱ्हाईक नाही. घन खताला टनाला १,५०० रुपये बाजार साहाय्य २०२३ मध्ये मंजूर झालं, पण पातळ भाग टँकरने पाच-सात किलोमीटरच्या पुढे नेणं परवडत नाही. तो साचला की गॅस बंद करावा लागतो. आणि पूर्वी प्रेसमड सभासदांच्या शेतात जात असेल, तर आता आपल्याला काय आणि कोणत्या भावाने मिळणार, हे विचारायला लाजू नका.

प्रश्न : एक कंपनी सभासद फी घेऊन नेपियर गवत लावायला सांगते. सीबीजीसाठी टनाला १,००० रुपयांनी घेणार म्हणते. (जि. बुलढाणा)

हिरव्या नेपियरमध्ये ८० टक्के पाणी असतं. एका टनातून ८०-८५ घनमीटर बायोगॅस, त्यातून ३०-३३ किलो सीबीजी. म्हणजे कंपनीचे किलोला तीसेक रुपये गवतातच गेले. वीज, व्याज, पगार, दाब देऊन पंपावर पोच करणं अजून बाकी. प्रकल्प शेतापासून दहा किलोमीटरवर उभा असेल आणि गॅस निघत असेल, तर हा भाव मिळूही शकतो. जागा नाही, टाक्या नाहीत, आणि फी मात्र आज हवी, तर फी देऊ नका. तेल कंपनीचं इरादापत्र दाखवतात, पण इरादापत्र म्हणजे गवत खरेदीचा करार नव्हे. ओळख-पाळख म्हणून लावायचंच असेल तर जनावरं खातील एवढंच लावा.

प्रश्न : घरच्या दोन घनमीटरच्या दीनबंधू गोबर गॅसमध्ये शेण कमी पडतं. कुटार टाकलं तर चालेल? (ता. पुसद)

नाही. कुटार तरंगतं, वर जाड साय धरतं आणि गॅस खाली अडकतो. दोन महिन्यांनी टाकी उपसावी लागते. दोन घनमीटरला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी हवं. कमी पडत असेल तर शिळं अन्न, खराब पीठ, फळांचा गर असं पटकन कुजणारं बादलीत कालवून टाका. रोज किलो-दीड किलोपासून सुरू करून आठवड्याने वाढवा. ज्योत पेटता पेटेनाशी झाली तर टाकी आंबली. आठवडाभर फक्त शेणपाणी द्या. पूर्ण चाललं तर दोन घनमीटर गॅस म्हणजे रोज सुमारे ८५० ग्रॅम एलपीजी, महिन्याला पावणेदोन सिलिंडर.

प्रश्न : पऱ्हाटीपासून इथेनॉलचा छोटा प्रकल्प होईल का?

नाही. पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प (ऑगस्ट २०२२) सुमारे ९०० कोटींचा आहे. वर्षाला दोन लाख टन भाताचं काड घेऊन तीन कोटी लिटर काढण्यासाठी तो बांधला. टनाला १५० लिटर. आम्लाची प्रक्रिया, महागडी विकरं (एन्झाइम), गंज न धरणाऱ्या टाक्या: यात गावपातळीवर परवडेल असं काही नाही.

प्रश्न : आमच्या बचत गटाला पाचटाचा कोळसा करायचा आहे. भट्टी कशी असते? (ता. फलटण)

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने हेच तंत्र बसवलं आणि २००२ मध्ये तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. रचना अशी: एका भट्टीत झाकणाचे सात लोखंडी डबे, प्रत्येकात पाचट ठासून भरलेलं, खाली थोडं पाचट जाळून आच. डबे तापले की आतला गॅस बाहेर येऊन भट्टीतच जळतो, मग वेगळं जळण फार लागत नाही. धूर पांढरा आहे तोवर आत पाणी आहे. धूर थांबून ज्योत विझली की डबे काढून, झाकणं न उघडता थंड करा. घाईने उघडलं तर हवा लागून सगळी राख.

१०० किलो कोरड्या पाचटातून २५ ते ३० किलो भुकटी मिळते. १०० किलो भुकटीला मक्याच्या पिठाची पाच-सहा किलोची खळ शिजवून मळा, शेवेच्या यंत्रासारख्या साच्यातून कांड्या काढा, तीन-चार दिवस उन्हात वाळवा. आतून ओली राहिली तर कांडी पेटताना तडतडते.

एक गोष्ट भाव ठरवण्याआधी समजून घ्या. पाचटात ६ टक्के राख असेल तर ती सगळी कोळशातच उरते, आणि कोळसा ३० टक्केच उरल्यामुळे त्यात राख २० टक्के होते. म्हणून लाकडी कोळशाचा भाव हॉटेलवाला देणार नाही. इस्त्रीवाले आणि शेगडीवर चहा करणारे घेतात, कारण राख टिकून आच सावकाश राहते. अट एकच: बंद खोलीत पेटवू नका, हे पाकिटावर मोठ्या अक्षरात छापा. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साईड असतोच.